आर्गन आणि आतली बाजू

औद्योगिक वसाहतीत ‘टिग वेल्डिंग’ असं फारसं कोणी म्हणत नाही. सगळे ‘आर्गन’ म्हणतात. "एवढं आर्गन मारून द्या", "आर्गनवाला आलाय का आज?", "त्या कोपऱ्यावरच्या शेडमध्ये आर्गन होतं बघा". एका वायूचं नाव एका कामाला, ते करणाऱ्या माणसाला आणि कधीकधी अख्ख्या शेडला पडलेलं. गंमत अशी की हा वायू स्वतः काहीच करत नाही. १८९४ साली लॉर्ड रॅले आणि विल्यम रॅम्से यांनी तो हवेतून वेगळा काढला. कशाशी संयोगच पावेना, म्हणून ‘आळशी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचं नाव ठेवलं. आपण श्वास घेतो त्या हवेत जवळजवळ एक टक्का, नेमकं सांगायचं तर ०.९३ टक्के, हाच आळशी भरलेला असतो. (हेच रॅम्से १९०० साली टाटांच्या नियोजित विज्ञानसंस्थेसाठी जागा बघायला भारतात आले होते आणि त्यांनी बंगळूर सुचवलं. हे आपलं अवांतर.)

आज हा विषय निघाला तो दोन फोनांमुळे. पहिला ताईचा. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, मेकॅनिकलचा डिप्लोमा करून कोल्हापूरजवळच्या एका फॅब्रिकेशन शेडमध्ये लागलाय. दूध प्रकल्पांसाठी स्टेनलेस स्टीलच्या टाक्या आणि पाइपलाइन बनवतात. तिथं त्यानं ऑफिसात बसायचं सोडून टॉर्च हातात घेतला. ताई म्हणाली, "अरे, डोळे जातील का रे त्याचे? आणि लोक विचारतात, एवढा शिकवला आणि वेल्डर झाला का म्हणून."

दुसरा फोन भाच्याचा, त्याच रात्री. "मामा, आर्गन शिकताना पोरं कुठं चुकतात ते सांग ना. आणि एक विचारायचं होतं. आमचे मिस्त्री म्हणतात, पाइपच्या आतून गॅस सोडायची काही गरज नाही, आत कोण बघतंय? खरं आहे का ते?"

आता, आत बघणारा माणूस म्हणजे मीच. मी वेल्डर नाही, तीस वर्षं दुसऱ्यांची वेल्डिंग तपासली. घरच्यांना माझी नोकरी कधी नीट कळली नाही. बायको पाहुण्यांना सांगायची, "हे लोकांच्या कामातल्या खोड्या काढतात आणि त्याचा पगार घेतात." व्याख्या चुकीची नाही. पण या खोड्या काढता काढता शेकडो शिकाऊ पोरांच्या चाचणीच्या पट्ट्या हातातून गेल्या, आणि चुका मोजक्याच असतात, माणसं बदलली तरी त्या बदलत नाहीत, एवढं लक्षात आलं. तर भाच्यासाठी, ताईसाठी आणि इथं नेहमी येणाऱ्या मंडळींसाठी लिहून ठेवतो.

आधी हे प्रकरण काय आहे ते थोडक्यात. रस्त्यावर ग्रिलवाला करतो त्या साध्या वेल्डिंगमध्ये सगळं एका रॉडमध्ये असतं. रॉडच वितळतो, त्याचाच धातू जोडात भरतो आणि त्यावरचं फ्लक्सचं आवरण जळून जो धूर आणि मळी तयार होते ती वितळलेल्या रसाला हवेपासून वाचवते. टिगमध्ये हे सगळं सुटं केलंय. एका हातात टॉर्च. त्यात टंगस्टनची सुई, जी ३४२२ अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही. तिच्या टोकापासून जॉबपर्यंत आर्क. दुसऱ्या हातात फिलरची बारीक तार. आणि सुईभोवतीच्या चिनीमातीच्या कपातून येणारा आर्गन, जो रसावर पांघरूण घालून हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन दूर ठेवतो. १९४१ च्या सुमारास अमेरिकेत नॉर्थ्रॉप या विमान कंपनीतल्या रसेल मेरेडिथनं मॅग्नेशियम जोडायला ही पद्धत बसवली, १९४२ साली पेटंट मिळालं. त्यानं हेलियम वापरला होता, म्हणून नाव पडलं ‘हेलिआर्क’. पुढं स्वस्त म्हणून आर्गन आला.

या सुटेपणातच सगळी मेख आहे. फ्लक्स नाही, म्हणजे मळ उचलून वर आणणारं कोणी नाही. पत्र्यावर जे असेल ते जोडात जाणार. म्हणून नवशिक्याची पहिली चूक आर्क पेटायच्या आधीच होऊन गेलेली असते.

पत्रा डोळ्यांना स्वच्छ दिसतो. त्यावर कटिंग ऑइल असतं, बोटांचा घाम असतो, मार्करची रेघ असते. साधं लोखंड असेल तर काळी खपली असते, ती ग्राइंडरनं चकचकीत होईपर्यंत काढावी लागते. स्टेनलेसला ॲसिटोन आणि स्वच्छ फडकं. पोरं पत्रा पुसतात आणि फिलरची तार पुसायची विसरतात. ती तार महिनाभर उघड्यावर धूळ खात पडलेली असते आणि तीच तर आपण जोडात ओतणार असतो! ब्रशही वेगळा हवा. लोखंडावर फिरवलेला ब्रश स्टेनलेसवर फिरवला की लोखंडाचे कण त्यावर बसतात आणि पावसाळ्यात ‘न गंजणाऱ्या’ स्टीलवर तांबूस ठिपके येतात. आणि बाबा रे, एक गोष्ट पक्की ध्यानात ठेव. क्लोरीन असलेले डबाबंद क्लीनर वेल्डिंगच्या आसपाससुद्धा आणायचे नाहीत. आर्कच्या प्रकाशात आणि उष्णतेत त्यांच्यातून फॉस्जीन तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला तो वायू.

दुसरी गोष्ट टंगस्टनची. पेन्सिलीसारखं टोक करायचं, पण घासताना सुई चाकावर लांबीच्या दिशेनं धरायची. आडवी धरून गोल फिरवली की टोकावर कड्यांसारखे ओरखडे पडतात आणि आर्क भरकटतो. मग पोरगं म्हणतं, मशीन खराब आहे. चाकही फक्त टंगस्टनसाठी ठेवलेलं हवं. लाल पट्टीच्या सुईत थोरियम असतं, ते किंचित किरणोत्सारी आहे, त्याची धूळ नाकात जाऊ द्यायची नाही. सोनेरी किंवा निळ्या पट्टीची लॅन्थॅनमवाली सुई मागून घे, काम तितकंच चांगलं होतं.

मग जोडणी. स्टेनलेसला आणि लोखंडाला टॉर्च नेहमी निगेटिव्हला. उष्णतेचा मोठा वाटा तेव्हा जॉबमध्ये जातो. उलटं लावलं की तीच उष्णता सुईवर येते आणि टोकाचा गोळा होतो. ॲल्युमिनियमला एसी लागतो, कारण त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजार अंशांच्या पुढं वितळतो आणि खालचा धातू ६६० अंशांनाच पाणी होतो. पापुद्रा फोडायचं काम एसी करतो. पण ॲल्युमिनियमच्या वाटेला तू सहा महिने तरी जाऊ नकोस.

गॅस किती सोडायचा? इथं आपला घरगुती न्याय आड येतो: थोडं चांगलं तर जास्त आणखी चांगलं. तसं नाही. साध्या कामाला मिनिटाला आठ ते दहा लिटर पुरतो. वीसवर नेलास तर कपातून गॅस खळबळत बाहेर येतो आणि बाजूची हवाच आत ओढून घेतो. नळ जोरात सोडला की पाण्यात बुडबुडे येतात ना, तसं. आणि मे महिन्यात शेडमध्ये प्रत्येकाच्या पाठीमागं पंखा असतो. साध्या वेल्डिंगवाल्याला तो चालून जातो. आर्गनवाल्याचं पांघरूण तो उडवून लावतो. बीडवर बारीक बारीक छिद्रं दिसली की मी आधी वर बघायचो, पंखा कुठं आहे. दहांतल्या पाच वेळा तिथंच उत्तर असायचं.

आता प्रत्यक्ष हात. घाई करू नकोस. टॉर्च न पेटवता एकदा पूर्ण जोडावरून हात फिरवून बघ. कोपर कुठं टेकतंय, केबल कुठं ओढतेय, मध्येच हात संपतोय का. रांगोळी घालताना बायका मनगट अधांतरी ठेवत नाहीत, करंगळी टेकवतात, तसं. डाव्या हाताचं काम तर घरी बसून शिकता येतं. हातमोजा घालून फिलरची तार बोटांतून पुढं सरकवायची, रोज अर्धा तास, टीव्ही बघता बघता. ताई म्हणेल, हा काय जप करतोय का. म्हणू दे.

आर्क पेटला की सगळे उजेडाकडं बघतात. साहजिक आहे, डोळा उजेडाकडंच जातो. पण बघायचं असतं उजेडाच्या खाली, रसाकडं. छोटंसं चमकतं डबकं असतं. ते किती रुंद झालंय, कडा दोन्ही पत्र्यांना धरतायत का, मध्ये खोलगट होतंय का, सगळं तेच सांगतं. सुईचं टोक त्याच्यापासून दीड-दोन मिलिमीटर, साधारण सुईच्या जाडीइतकं. टॉर्च उभ्यापासून पंधरा-वीस अंश कललेला, त्याहून जास्त नाही. घाबरलेला माणूस टॉर्च लांब धरतो. लांब धरला की आर्क पसरतो, उष्णता विखुरते, गॅस पुरत नाही. मग तो जवळ येतो आणि सुई रसात बुडते.

सुई बुडणं ही काही मोठी गोष्ट नाही. प्रत्येकाची बुडते, वीस वर्षं काम केलेल्याचीही बुडते. त्यानंतर काय करतोस ते मोठं. टोकाला धातू चिकटलेला असताना तसंच पुढं रेटलं तर आर्क वाकडा जातो आणि टंगस्टनचे कण जोडात राहतात. एक्स-रे काढला की ते पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात. थांबायचं, टोक पुन्हा घासायचं, जोडातला तेवढा भाग काढायचा, पुन्हा सुरू. दिवसात वीसदा उठावं लागलं तरी वीसदा उठायचं. या कामात माझा ज्यांच्यावर विश्वास बसला ते सगळे उठणारे होते.

फिलर आर्कमध्ये नाही, डबक्याच्या पुढच्या कडेला टेकवायचा. टेकवला, मागं घेतला. पण मागं म्हणजे गॅसच्या पांघरुणाच्या आतच. तापलेलं टोक हवेत बाहेर काढलं की काळं पडतं आणि पुढच्या टेकीला तो काळेपणा जोडात जातो.

करंटचं गणित नवशिक्यांना उलटं वाटतं. पत्रा जळेल या भीतीनं ते करंट कमी ठेवतात. मग डबकं तयार व्हायला वेळ लागतो, तोवर सगळा पत्रा तापतो आणि पापडासारखा वाकतो. दीड मिलिमीटरच्या पत्र्याला पन्नास-साठ अँपिअर लाव आणि पुढं चालत राहा. शेवटी पोचल्यावर एकदम बंद करू नकोस. करंट हळूहळू उतरव, थोडा फिलर देऊन शेवटचा खड्डा भर, नाहीतर तिथूनच भेग सुरू होते. आणि आर्क विझल्यावर टॉर्च लगेच उचलायचा नाही. मागून पाच-दहा सेकंद गॅस येत असतो, तो निवणाऱ्या धातूसाठीच असतो.

सगळं बरोबर झालं की स्टेनलेसवर गव्हाच्या काडीसारखा फिका सोनेरी रंग येतो. मग निळा, जांभळा आणि शेवटी राखाडी. मोटरसायकलच्या सायलेन्सरवर इंद्रधनुष्य छान दिसतं, पण दुधाच्या पाइपवर ते छान नाही. ३०४ जातीच्या स्टेनलेसमध्ये साधारण अठरा टक्के क्रोमियम असतं आणि त्याच्या पातळ थरामुळं ते गंजत नाही. रंग जितका गडद, तितकं पृष्ठभागाजवळचं क्रोमियम जळून खर्ची पडलेलं.

आता ताईचा प्रश्न. डोळे जात नाहीत, ताई. पण जपावे लागतात. आर्कमधून अतिनील किरण येतात. आर्गनमध्ये धूर कमी, म्हणून पोरांना वाटतं हे सौम्य आहे. उलट धूर नसल्यामुळं किरण थेट येतात, वर स्टेनलेस आरशासारखं परावर्तन करतं. बहुतेकांचं नडतं ते ‘एकच तर टाका आहे’ म्हणून डोळे मिटून मारलेल्या टाक्यानं. दिवसा काही होत नाही. रात्री दोनला डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं होतं. मग कोणी बटाट्याच्या चकत्या ठेवतं, कोणी दुधाचे थेंब घालतं. तसलं काही करू नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा. त्याला सांग, दहा नंबरची काच, प्रत्येक टाक्याला, आणि पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट. धुराबद्दलही लपवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ साली वेल्डिंगचा धूर मानवाला कर्करोगकारक ठरवला. स्टेनलेसच्या धुरात क्रोमियम असतं. म्हणून डोकं धुराच्या बाहेर, शेडमध्ये धूर ओढणारी यंत्रणा, आणि ती नसेल तर मालकाकडं मागायची लाज वाटू द्यायची नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आर्गनला वास नाही, रंग नाही, आणि तो हवेपेक्षा जड आहे. टाकीत सोडला की तळाशी पाण्यासारखा साचतो. अशा टाकीत उतरलेल्या माणसाला गुदमरल्यासारखं वाटतही नाही, सरळ शुद्ध जाते. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. टाकीत आधी ताजी हवा खेळवायची, ऑक्सिजन मीटर लावायचा, बाहेर माणूस उभा ठेवायचा. मीटर नसेल तर उतरायचं नाही. नोकरी गेली तरी उतरायचं नाही. हे मी मामा म्हणून सांगतोय.

राहिला आतल्या बाजूचा प्रश्न.

टॉर्चमधला आर्गन वरून पांघरूण घालतो. पण पाइपचा जोड पूर्ण जाडीभर वितळतो, म्हणजे आतली बाजूही रस झालेली असते. आत साधी हवा असेल तर तिथला धातू उघडाच भाजतो. फुगतो, काळा पडतो, खडबडीत होतो. परदेशात याला ‘शुगरिंग’ म्हणतात, साखरेसारखं दाणेदार दिसतं म्हणून. मला ते कढईच्या तळाला करपलेल्या पाकासारखं वाटत आलंय. ते टाळायला पाइपची दोन्ही टोकं बंद करून आतून आर्गन भरतात. तो जड, म्हणून खालून सोडायचा आणि वरच्या टोकाला ठेवलेल्या बारीक छिद्रातून हवा निघू द्यायची. याला पर्जिंग म्हणतात.

काही वर्षांपूर्वी एका शेडमध्ये तपासणीला गेलो होतो. तिथं पंचविशीचा एक पोरगा काम करत होता. त्याचे जोड बाहेरून असे की बोट फिरवत बसावं. नाण्यांची चवड आडवी केल्यासारखी एकसारखी बीड. मालक कौतुकानं दाखवत होते. मी म्हटलं, एक जोड कापा. पोरग्याचा चेहरा उतरला, पण त्यानं स्वतःच पाइप पॉवर हॅक्सॉवर लावला. उभा चिरला. आत जोडाच्या सगळ्या घेरावर करपलेला पाक होता.

तो वाकून बराच वेळ बघत राहिला. मग हातमोज्याचं बोट त्यावरून फिरवलं. मोज्याचे धागे त्यात अडकले. म्हणाला, "साहेब, हे मी केलंय?"

तीन वर्षं तो हे काम करत होता. तीन वर्षांत एकदाही त्याला कोणी त्याच्या कामाची आतली बाजू दाखवली नव्हती. बाहेरून बघून शाबासकी दिली होती, पगारही वाढवला होता.

त्या खडबडीत भेगांत दूध अडकतं. रोज धुतात, आधी कॉस्टिक सोड्यानं आणि मग नायट्रिक ॲसिडनं, लाइन न उघडता. गुळगुळीत पृष्ठभाग त्यानं निघतो. दुग्धउद्योगात दुधाला लागणारा पृष्ठभाग ०.८ मायक्रॉनपेक्षा खडबडीत नसावा अशी अपेक्षा असते. या करपलेल्या फटीत धुण्याचं पाणी पोचत नाही, जंतू मात्र पोचतात आणि तिथं घर करतात. मग रोज सकाळी त्यावरून हजारो लिटर दूध जातं, पिशव्यांत भरलं जातं आणि कोणाच्या तरी बाळाच्या बाटलीत पडतं. कोणाचं पोट बिघडलं तर कोणी म्हणतं बाटली नीट धुतली नव्हती, कोणी म्हणतं हवा बदललीय. त्या जोडापर्यंत कोणी येत नाही.

त्या दिवशी अठरा जोड नामंजूर झाले. मालक म्हणाले, याच्या पगारातून वळते करतो. मी म्हटलं, आतून गॅस सोडायची नळी तुमच्या शेडमध्ये कुठं आहे ती आधी दाखवा. ते काही बोलले नाहीत. पगार कापला गेला नाही, एवढं मी पुढच्या फेरीत त्या पोराला विचारून घेतलं. त्या फेरीत त्याच्या खिशात एक बारीक बॅटरी होती. प्रत्येक जोड निवला की तो पाइपला डोळा लावून आत बघायचा आणि मगच पुढचा धरायचा.

तर भाच्या, तुझ्या मिस्त्रींबद्दल. त्यांना तोंडावर उलट बोलू नकोस. ते तुझ्यापेक्षा वडील आहेत, हातात कसब आहे आणि त्यांनाही बहुधा कोणी आतून दाखवलेलं नाही. गॅस वाया जातो असं म्हणतात ना? हिशेब करून बघ. ५१ मिलिमीटरचा मीटरभर पाइप घेतला तर आत दोन लिटरसुद्धा हवा मावत नाही. तिच्या दहापट गॅस सोडून ती बाहेर काढली तरी वीसच्या आत लिटर झाले. मग जोड होईपर्यंत आणि निवेपर्यंत मिनिटाला पाच लिटर धर. एका जोडाला सगळे मिळून पन्नास लिटरच्या आसपास. नेहमीच्या सात घनमीटरच्या सिलिंडरमध्ये सात हजार लिटर असतात. म्हणजे एका सिलिंडरमध्ये सव्वाशे-दीडशे जोडांची आतली बाजू. एक सिलिंडर काही फुकट येत नाही, पण अठरा जोड कापून पुन्हा करण्यापेक्षा तो नक्की स्वस्त पडतो.

हे गणितही तोंडानं सांगू नकोस. भंगारातले पाइपचे चार तुकडे घे. दोन जोड कर, एक आतून गॅस सोडून, एक न सोडता. जेवणाच्या सुट्टीत दोन्ही उभे चीर आणि मिस्त्रींच्या डब्याशेजारी ठेव. म्हण, "मिस्त्री, जरा बघता का, यातला कुठला बरा?" बस्स. त्यांनी हात फिरवला की पुढचं त्यांचं त्यांना कळेल.

आणि नाहीच ऐकलं तर? तू अजून शिकाऊ आहेस, शेड तुझी नाही, हे मला कळतं. पण जो जोड तुझ्या हातचा आहे त्याच्या दोन्ही टोकांना बुच लावायला फार तर पाच मिनिटं जातात. तेवढी तू स्वतःच्या चहाच्या वेळातून काढ. दूधवाल्या कामात तरी काढच.

ताई, लोक विचारतील त्यांना सांग, पोरगा दुधाची लाइन जोडतो. त्यांच्याही घरी त्यातलंच दूध येत असेल.

रविवारी दोघंही जेवायला या. आणि अरे, येताना ते चिरलेले तुकडे घेऊन ये. मामीला एकदा दाखवायचंय, मी तीस वर्षं कसल्या खोड्या काढत होतो ते.